हवेशीर कपाट

साखरपुड्याच्या पंगती उठत होत्या आणि नवऱ्या मुलाच्या मावशी, बयाबाई, हात धुता धुता सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या, "मग रुखवतात काय मांडणार गं पोरी? थर्माकोलचा शिवनेरी का लोकरीचा गणपती?"

रुखवत म्हणजे मुलीच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन. लग्नाच्या दिवशी मुलीकडच्यांनी ते मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी त्यावरून बोट फिरवून ओठ मुडपायचे, अशी रीत आहे. बयाबाईंनी कळंब-मंचरच्या पट्ट्यातली इतकी रुखवतं तपासली होती, की कुठला रुमाल घरी भरलेला आणि कुठला बाजारातून आणलेला, हे त्या दारातूनच सांगत. नवऱ्या मुलीला, नूतनला, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगून तरी काय उजेड पडला असता? त्या दिवशी ती कुणाचं ऐकण्याच्या अवस्थेतच नव्हती.

कारण मघाशीच ओट्यावर बसून होणाऱ्या नवऱ्यानं, अमृतनं, तिला सांगितलं होतं, की त्याची पुस्तकं कांद्याच्या गोण्यांत भरून पलंगाखाली ठेवलीयत. "कपाट घ्यायचं म्हणतो, पण दरवर्षी आधी ठिबक येतं, न्हाईतर पंप येतो," तो म्हणाला होता. "सकाळी झाडताना आई त्या गोण्या पायानं ढकलती. मग मला आतल्या पुस्तकांचं वाईट वाटतं." पुस्तकांचं वाईट वाटणारा माणूस नूतननं जन्मात पाहिला नव्हता.

"पुस्तकांचं कपाट," नूतन म्हणाली. "लाकडाचं. माझ्या हातानं करणार."

अंगणातल्या बायकांनी माना वळवल्या. नूतनच्या आईनं, मंगलनं, हातातलं ताट तसंच धरून ठेवलं.

"सुताराला न बोलावता?" बयाबाईंनी विचारलं.

"सुताराला अंगणात पाय ठेवू देणार न्हाई."

"आन् ठिवला तर?"

"तर रुखवतच मांडणार न्हाई. रिकामं टेबल मांडीन आन् त्याच्यावर स्वतः बसीन."

सगळे खो खो हसले. अमृत मात्र हसला नाही. तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या वाटीतली बासुंदी नव्या शर्टावर ओघळली. ते बघून नूतनला असं वाटलं, की एक काय, दहा कपाटं करावीत.

"बगू," बयाबाई पदर खोचत म्हणाल्या. "मला फसवणारी अजून जल्माला यायचीय."

पाहुण्यांच्या गाड्या वळल्या तशी मंगलनं पोरीला धारेवर धरलं. "अगं, बाकीच्या पोरी मण्यांचा मोर करत्यात. तुला मोर काय चावला व्हता का?" नूतनचे वडील रामदास, म्हणजे तिचे आप्पा, यांनी नेहमीप्रमाणे दोघींच्या मधे न पडता बैलांना पाणी दाखवण्याचं निमित्त काढलं. बैल विकून वर्ष उलटलं होतं, हे गोठ्यात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

तशी नूतन काही हवेत बोलली नव्हती. घरची कांदा साठवायची चाळ तिनं आणि आप्पांनी मिळून बांधली होती. ऐन वेळी मजूर दुसऱ्याच्या कामाला गेले, उन्हाळी कांदा शेतात काढून पडलेला, तेव्हा नूतननं ओढणी कमरेला बांधली आणि कटर हातात घेतला. चाळीच्या भिंतींच्या आणि तळाच्या झाडून सगळ्या पट्ट्या तिनं कापल्या, तिनंच ठोकल्या. चाळ जमिनीपासून उंच उचलायची, दोन पट्ट्यांमध्ये अंगठ्याएवढी फट ठेवायची, म्हणजे खालून-वरून, पुढून-मागून वारं फिरतं आणि कांदा सडत नाही. त्या वर्षी गावात निम्म्या लोकांचा कांदा नासला आणि यांचा दिवाळीपर्यंत टणटणीत राहिला. तेव्हापासून कटरचा आवाज आला की नूतनच्या अंगात वारं शिरायचं.

बांधावरचा एक साग आप्पांनी मागं पाडून गिरणीवर चिरून आणला होता. त्या फळ्या चाळीच्या कडेला वाळत पडल्या होत्या. नूतननं त्या बाहेर ओढल्या, डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलं, डोळ्यांना तो मोठा प्लॅस्टिकचा चष्मा लावला आणि विजेचा रंधा सुरू केला. मग काय विचारता! भुश्याचा असा काही पाऊस पडला, की ओट्यावर निवडायला घेतलेल्या तांदळाची पार वाट लागली. कोंबड्यांना वाटलं, खास आपल्यासाठीच गादी अंथरलीय. त्यांनी त्यात लोळून घेतलं आणि एकीनं तर तिथंच अंडं घातलं. मंगल घरातून ओरडत होती, नूतनला ऐकू येत नव्हतं, आणि तिची धाकटी बहीण संस्कृती सगळ्याचा व्हिडिओ काढत होती.

"ताई, इकडं बघ! जरा हस!"

"फडक्यातून काय हसू, तुझं कपाळ?" नूतन फडक्यातूनच ओरडली. खरं तर ती फडक्याआड सारखीच हसत होती.

अमृतचा फोन रोज यायचा, आणि नेमका ती छिद्रं पाडत असताना यायचा.

"कसला आवाज?" तो विचारायचा.

"ड्रिल."

"मग चालू ठिव की. ऐकतो."

आणि तो खरंच ऐकत बसायचा. नूतन फोन कानाला खांद्यानं दाबून फळीला भोक पाडायची आणि पलीकडे अमृत, आपल्या पॉलिहाऊसमध्ये जरबेराच्या वाफ्यात उभा राहून, ड्रिलची घरघर मन लावून ऐकायचा. जगात कुणी कुणावर असं प्रेम केलं असेल का, असं नूतनला वाटायचं. एकदा तर त्या नादात ड्रिल फळीच्या पार झालं आणि खालच्या बाजेच्या कडेच्या दांडीतही गेलं. ती बाज आजही एका बाजूनं कलते.

सगळं मात्र यंत्रावर होत नाही. सांध्यांच्या खाचा तिनं हातानं पाडल्या. पटाशी धरायची, वरून लाकडी हातोडीचा बेताचा ठोका द्यायचा, गुण्या लावून कोन तपासायचा, पुन्हा एक पापुद्रा काढायचा. पहिली खाच इतकी मोठी झाली, की तिच्यात उंदरानं संसार मांडला असता. ती फळी जळणात गेली. दुसरी आवळ झाली. नंतर कुठंतरी हाताला ते कळलं. खाचेत फळीचं टोक बसताना एक बारीक, दबका आवाज येतो, तो तिला पहिल्यांदा आला तेव्हा ती अंगणात उड्या मारत सुटली आणि आप्पांना ओढत घेऊन आली. आप्पांनी सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठंच अडलं नाही. "आयला," एवढंच ते म्हणाले, पण संध्याकाळी गावात जाऊन त्यांनी ते आणखी चौघांना सांगितलं.

आता कप्प्यांचं. फोनवरच्या व्हिडिओत एक परदेशी दाढीवाला कपाट करायचा. सांधे कसे पाडायचे ते नूतननं त्याच्याकडून उचललं होतं, आणि त्याबद्दल ती त्याला मानायची. पण कप्पे आले तसा तिला त्याचा राग आला. बाबानं अखंड फळ्या टाकल्या! एकीला एक चिकटून! पाठसुद्धा सगळी झाकून टाकली, हवेला सुईएवढी वाट नाही.

"आप्पा, ह्याला डोकंच न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकं कोंडून मारणार हा."

आप्पांनी फोन लांब धरून पाहिलं. "कागद म्हंजे तरी काय? झाडपाल्याचाच जीव. पावसाळ्यात वास मारंल त्यो."

"बुरशी धरंल," मंगल आतून म्हणाली. कपाटाच्या बाबतीत ती पहिल्यांदाच पोरीच्या बाजूनं बोलली होती.

मग नूतननं सुधारणा केली. चाळीच्या वेळची अंगठ्याएवढ्या जाडीची एक चिपाटी तिनं जपून ठेवली होती. दोन पट्ट्यांच्या मधे ती ठेवायची, दुसरी पट्टी तिला भिडवून ठोकायची, चिपाटी काढून पुढं सरकायचं. अशा आखूड पट्ट्या तिनं पुढून मागं अशा, एकेका कप्प्याला ठोकल्या. पाठीलाही तशाच उभ्या. वरच्या कप्प्याच्या फटीखाली खालच्या कप्प्याची फट आली पाहिजे, म्हणजे वारं सरळ वर चढतं, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं दोरी सोडून एकूण एक फट ओळंब्यात घेतली. आणि अख्खं कपाट पायांवर उचललं, बुडाला हवा लागावी म्हणून. पॉलिश चढलं तसं ते सोन्यासारखं दिसायला लागलं. सकाळचं ऊन पाठीमागून आलं की अंगणात उजेडाच्या पट्ट्या पडायच्या, आणि नूतन चहाचा कप घेऊन त्या पट्ट्यांत बसायची.

गाव बघायला लोटलं. राजुरीत कांदा न पिकवणारं घर शोधावं लागेल, त्यामुळे कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. शेजारचे दादाभाऊ वाकून खालून वर बघत म्हणाले, "बुडाला हवा, पाठीला हवा. माल सडायचा न्हाई राव!" सगळ्यांनी माना डोलावल्या. संस्कृतीनं आपली गाइडं ठेवून बघायचा हट्ट धरला, तर नूतननं तिचा हात धरला. "पहिलं पुस्तक अमृत ठेवणार. तोवर कुणी बोट लावायचं न्हाई."

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या कोपऱ्यात रुखवत मांडलं गेलं. टेबलावर मंगलनं हट्टानं केलेला मण्यांचा मोर होता, चार तोरणं होती, आणि शेजारी ते कपाट. मुलाकडची माणसं येईपर्यंत नूतननं नवरीच्या खोलीच्या दाराला डोळा लावून ठेवला होता. तिची वेणी घालणारी मावसबहीण वैतागून गेली.

बयाबाई आल्या. मोराकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या कपाटाच्या समोर उभ्या राहिल्या. सांध्यावरून नख फिरवलं, नख अडलं नाही. कडेवरून तळहात फिरवला, एक कुसळ लागलं नाही. एकीखाली एक अशा सरळ उतरणाऱ्या फटी त्यांनी डोळा बारीक करून पाहिल्या. मग त्या मागं वळल्या आणि कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्ये पोरीच्या हातचं न्हाई. सुताराचं काम हाये."

आली का पंचाईत! जे चांगलं जमलं होतं तेच अंगाशी आलं. रामदास पुढं झाले, "अवो पावणं, माझ्या डोळ्यांदेखत केलंय पोरीनं." पण बाप सांगणारच, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गावचे सुतार सोमाजी वऱ्हाडात होते. ते शपथेवर म्हणाले, "मी त्या अंगणात गेलो बी न्हाई." तर बयाबाई म्हणाल्या, "जेवायला आलाय न्हवं त्यांच्याकडनं? मग तुमी काय सांगणार?" संस्कृती धावत फोन घेऊन आली. मुलाकडच्या बायकांनी कोंडाळं करून व्हिडिओ पाहिला. भुसा उडतोय, रंधा ओरडतोय, आणि मधे तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, अंगात आप्पांचा जुना शर्ट घातलेलं कुणीतरी.

"ह्ये कुणीबी असंल," बयाबाई म्हणाल्या. "ह्ये सोमाजी बी असतील."

नूतन दारातून बाहेर आली. नवरीनं असं बाहेर यायचं नसतं, पण आता कशाचं काय! डोक्याला अर्धीच मुंडावळ होती आणि हातात उरलेली अर्धी. "मावशी, मी केलंय," ती म्हणाली आणि तिनं तळहात पुढं केले. घट्टे दिसायला हवे होते. पण काल लावलेली मेंदी अशी रंगली होती, की घट्टे पार बुडून गेले होते. "आप्पा, कटर आणा! आत्ता फळी कापून दावते. आणा म्हणते ना!"

"शालू हाये अंगावर!" मंगलनं तिला मागून धरली.

नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. बयाबाईंच्या बोलण्याचं तिला एवढं वाटलं नसतं. पण त्यांच्या पलीकडे अमृत येऊन उभा राहिला होता, फेटा बांधलेला, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. हा आता काय समजणार? पहिल्याच दिवशी खोटारडी बायको मिळाली, असंच ना? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यालाच ते खरं वाटलं नाही, तर ते कपाट जाळलेलं बरं, असं तिला वाटून गेलं.

अमृतनं कोटाच्या आतल्या खिशातून एक बारकं पुस्तक काढलं. कवितांचं होतं, पापडाएवढं जाड. कपाटात पहिलं पुस्तक त्यानंच ठेवायचं, हे नूतननं त्याला सांगून ठेवलं होतं, आणि म्हणून त्यानं गोण्या उपसून आपलं सगळ्यात आवडतं शोधून आणलं होतं. सगळ्यांच्या देखत तो पुढं झाला, बयाबाईंना हातानं बाजूला केलं आणि ते पुस्तक वरच्या कप्प्यात जपून उभं ठेवलं.

पुस्तक दिसेनासं झालं.

ते फटीतून खाली गेलं. तिथं थांबलं नाही. खालची फट वरच्या फटीच्या बरोबर खाली होती, तिच्याखालची तिच्याखाली. सगळे कप्पे पार करून ते सर्रकन उतरलं आणि कपाटाच्या उंच पायांमधून कार्यालयाच्या फरशीवर धप् आवाज करून पडलं.

राजुरीकर एकमेकांकडं बघायला लागले. दादाभाऊंनी वाकून खालून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कांदा न्हाई पडणार ह्यातनं." नूतनला कानांतून आग निघाल्यासारखं झालं. एवढा विचार केला, वाऱ्याचा केला, बुरशीचा केला, आणि पुस्तक पातळ असतं हे त्या अख्ख्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

बयाबाईंनी ते पुस्तक उचललं. मधल्या कप्प्यात ठेवलं. धप्. पुन्हा उचललं, कडेच्या फटीपाशी ठेवलं. धप्. त्या नूतनकडं वळल्या.

"ह्या फटी कशापायी?"

"हवेला," नूतन रडत म्हणाली. "पुस्तकं सडू नयेत म्हणून."

बयाबाईंच्या पोटापासून काहीतरी वर यायला लागलं. आधी खांदे हलले, मग पदर तोंडात गेला, मग तोही पुरला नाही. त्या टेबलाला धरून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं बाई! चाळ बांधली पोरीनं! पुस्तकांची चाळ! आता बोला सोमाजी, तुमी केलं असतं का असं?"

"मी असं केलं असतं तर गावानं मला येशीतनं हाकललं असतं," सोमाजी म्हणाले.

"तेच तर!" बयाबाई उठल्या. त्यांनी नूतनला जवळ ओढलं आणि तिच्या हातातली उरलेली अर्धी मुंडावळ स्वतः बांधली. "जगातला कुठला सुतार असलं करायचा न्हाई. ह्ये हिचंच. माझ्या बोलण्याचं वाईट वाटून घिऊ नगंस पोरी. खरंच तुझ्या हातचं हाये, आन् लई देखणं हाये."

नूतननं अमृतकडं पाहिलं. तो फेटा सांभाळत इतका हसत होता, की त्याला उभं राहता येत नव्हतं, आणि ते हसणं बघून तिचं रडणं कुठल्या कुठं गेलं. तिच्यावर विश्वास बसला होता! चुकलं होतं, चारचौघांत चुकलं होतं, आणि त्या चुकण्यानंच ती खरी ठरली होती. तिला इतका आनंद झाला, की तिनं सोमाजींच्या पाया पडून घेतलं. ते बिचारे भांबावून गेले.

मुहूर्त जवळ आला म्हणून भटजींनी हाका मारायला सुरुवात केली. दोघांना पाटावर उभं केलं, मधे अंतरपाट धरला. पलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त अमृतच्या फेट्याचा तुरा वर हलत होता. म्हणजे तो अजून हसत होता.

"कटर संगं आणणार ना?" अंतरपाटामागून आवाज आला. "फळ्या मी धरतो."

"आणणार," नूतन म्हणाली, आणि ते मामाला ऐकू गेलं, भटजींना ऐकू गेलं, माइकमधून अख्ख्या कार्यालयालाही ऐकू गेलं.

भटजींनी डोळे वटारून पहिलं मंगलाष्टक घेतलं. अक्षता पडल्या. दुसरं घेण्यासाठी ते श्वास घ्यायला थांबले, आणि त्या शांततेत रुखवताच्या कोपऱ्यातून धप् असा आवाज आला. उशिरा आलेल्या पाहुण्यांना बयाबाई पुस्तक टाकून दाखवत होत्या.

"बघितलंत का? आमच्या सुनंनं केलंय. स्वतःच्या हातानं!"